एलिदाद राजाचे अठ्ठाविसावे वर्ष

केदेमाच्या किल्ल्यावर पहाट उजाडत होती, पण तिच्यात पहाटेची शांतता नव्हती. पूर्वेकडच्या ओसाडीतून रात्रभर वाहिलेला कोरडा वारा अजून थकला नव्हता. तटावरची कबुतरे उगाच उठत, बुरुजाला फेरी घालत आणि बसायच्या जागेवर न बसताच पुन्हा उडत. इस्राएलाची मोठी राज्ये उत्तरेला आणि पश्चिमेला पसरली होती. ती राज्ये आणि वाळवंट यांच्या सांध्यात, चुनखडीच्या एका उभ्या कड्यावर, केदेमाचे हे चिमुकले राज्य घारीच्या घरट्यासारखे चिकटून होते. किल्ल्यासमोर खोल दरी होती, दरीपलीकडे किल्ल्याहून जरा उंच अशी बोडकी टेकडी, आणि टेकडीच्या माथ्यावर एकच दगडी घर.

त्या घराकडे पाहणे किल्ल्यातले लोक टाळत. तिथे त्यांचा राजा राहत होता.

सहा वर्षांपूर्वी राजाच्या कपाळावर पांढरा चट्टा उमटला, याजकाने तो पाहिला, ते कुष्ठ असल्याचे सांगितले आणि नियमशास्त्राप्रमाणे राजाला वेशीबाहेर जावे लागले. रोग्याने कुठे राहावे ते नियमशास्त्रात लिहिले होते. रोगी राजा असेल तर राजा राहतो की नाही, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. म्हणून युवराज एलोन न्यायासनावर बसू लागला, कारभार प्रधान हारीफच्या हाती गेला, आणि वर्षे मात्र दरीपलीकडच्या त्या माणसाच्या नावाने मोजली जात राहिली. विटाळाच्या भयाने त्याचे नाव घरादारात कोणी उच्चारत नसे. ते वर्षातून एकदाच, शरदातल्या नव्या वर्षाच्या पहाटे, पूर्व बुरुजावरून पुकारले जाई. पुकारणारा होता राजाचा शिंग फुंकणारा शिंगाड्या, यिश्वी.

हा यिश्वी त्या पहाटे बुरुजावर येरझाऱ्या घालत होता. नवे वर्ष उद्यावर आले होते. कमरेला मेंढ्याचे काळे शिंग लटकत होते आणि दर चार पावलांनी त्याचा हात त्याच्याकडे जात होता. शरीराने किडकिडीत, चालताना भिंतीचा आडोसा धरणारा, कोणी नजर दिली की आपली खाली घालणारा असा तो माणूस. पण छातीत असा आवाज होता की दरीच्या तळाशी झोपलेला मेंढपाळ दचकून उठावा.

"अख्ख्या राज्याला पुरेल एवढा गळा," बुरुजावर न्याहारीची भाकर घेऊन आलेली त्याची बायको मिल्का म्हणाली, "आणि बाजारात कांदेवालीशी भाव करायचा तर तोंडातून शब्द फुटत नाही तुमच्या! काल तिने सडके कांदे मारले गळ्यात."

"निम्मे चांगले होते."

"ते मी निवडले म्हणून." मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिचा स्वर उतरला. "अहो, काय झालंय? रात्रभर कूस बदलत होतात."

"प्रधानजींनी बोलावलंय," यिश्वी म्हणाला. भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून तो निघाला.

प्रधानवाड्यात हारीफ उभाच होता. गोरापान, पिकल्या दाढीचा, बोलताना प्रत्येक शब्द तोलून टाकणारा हा मुत्सद्दी. खिडकीशी युवराज एलोन बोटातली अंगठी फिरवत बसला होता.

"यावे, शिंगाडे," हारीफ म्हणाला. "उद्या वर्ष पुकारायचे. आज सायंकाळी रिवाजाप्रमाणे आपण टेकडीवर जाल, चुना लावलेल्या दगडांच्या रांगेशी उभे राहाल आणि महाराजांच्या मुखातून वर्ष घ्याल. बरोबर?"

"जी."

"रिवाज असा आहे की, राजाने आपल्या वर्षाचा आकडा स्वमुखाने सांगावा आणि शिंगाड्याने तो स्वतःच्या कानाने ऐकावा. त्याखेरीज वर्ष पुकारता येत नाही. हेही बरोबर?"

"जी, प्रधानजी."

"तर मग ऐका. रोगाने महाराजांचा कंठ बसला आहे. गेल्या महिन्यापासून त्यांचा आवाज दगडांच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. आज तो पोहोचला, तर त्यांचे अठ्ठाविसावे वर्ष आपण अवश्य पुकारा. नाही पोहोचला, तर उद्या युवराज एलोनांचे पहिले वर्ष लागेल. यात अन्याय आहे काय?"

यिश्वीने मान खाली घातली. अन्याय त्या वाक्यात कुठेच नव्हता. तो वाक्याबाहेर होता, आणि खोलीतल्या तिघांनाही तो ठाऊक होता.

राज्याच्या पहिल्या वर्षांत एलिदाद राजाने स्वतः पहार हातात घेऊन ओसाडीत पाण्याची टाकी खोदवली होती. खडकाच्या पोटात, पावसाचा थेंबन् थेंब साठवणारी. पहिले टाके भरले त्या दिवशी मेंढपाळांच्या समोर ओंजळीत पाणी घेऊन त्याने शपथ घेतली होती: माझ्या नावाचे वर्ष चालते आहे, तोवर या पाण्यावर कोणाचा पहारा बसणार नाही. शपथेची मुदत राजाच्या वर्षाएवढी होती. वर्ष बदलले की ती सुटली.

"पाण्यावर पहारा बसेल," यिश्वी पुटपुटला. त्याला प्रश्न विचारायचा होता. झाले ते विधान.

"बसेल," हारीफने शांतपणे मान्य केले. "एका पखालीला एक कोकरू. उत्तरेच्या राजाला खंडणी द्यायची आहे, शिंगाडे. ती काय वाऱ्याने भरायची? त्या उदार शपथेचे ओझे हा किल्ला अठ्ठावीस वर्षे वाहतो आहे."

"सत्तावीस," युवराज खिडकीतूनच म्हणाला. मग जरा अडखळत त्याने विचारले, "ते... तिकडचे... गेल्या वेळी तुम्ही गेलात तेव्हा कसे होते?"

"मला दार दिसते, युवराज. ते दिसत नाहीत."

एलोनची अंगठी पुन्हा फिरू लागली.

नव्या वर्षाच्या जत्रेसाठी ओसाडीतले मेंढपाळ दरीच्या तळाशी उतरले होते. राहुट्या, शेळ्या, लोकरीचे गठ्ठे, शेणाच्या शेकोट्या. यिश्वी दुपारी तिथून जात असताना त्याच्या पाठीत काठीचे टोक बसले.

"यिश्व्या! किल्ल्यावर गेलास तेव्हापासून मावशीला पाहून मान वळवायला शिकलास काय रे?"

ती सेरह होती, त्याची सख्खी मावशी आणि आता त्या टोळीची म्होरकी. यिश्वी याच टोळीतला. दरीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावरच्या शेळ्यांना हाका मारणाऱ्या त्या पोराचा गळा ऐकूनच एलिदादने त्याला किल्ल्यावर नेले होते.

"मावशी, तसं नाही."

"मग कसं? उद्या कोणाचं वर्ष पुकारतोस ते सांग. किल्ल्यावरून आलेला मीठवाला म्हणाला, पोराचं. त्याने कोकराचंही सांगितलं."

सेरहने काठी जमिनीत रोवली. तिच्या आवाजातली थट्टा गेली.

"माझ्याकडे म्हातारी धरून चाळीस माणसं. उन्हाळ्यात टाकी सोडून दुसरं पाणी नाही. पखालीला कोकरू दिलं तर दोन उन्हाळ्यांत कळप संपतो. मग आम्ही कुठे जायचं? उत्तरेला, दुसऱ्याच्या रानात, मजुरीला?" ती थांबली. "तुझ्या हातात काय आहे ते मला ठाऊक नाही. पण काही असलं, तर ते उद्याच आहे. परवा नाही."

"माझ्या हातात काहीच नाही, मावशी. मी नुसता ओरडतो. जे सांगतात ते."

"ते तर तू लहानपणीही करायचास," ती म्हणाली. "शेळ्या यायच्या मात्र."

सूर्य कलला तेव्हा यिश्वी टेकडी चढत होता. मागे साक्षीला हारीफचा पुतण्या, सरदार शिम्रोन, आणि दोन भालदार. वारा अंगावरचा झगा ओढत होता. यिश्वीच्या मनात एकच विचार घोंघावत होता आणि तो विचारही धड नव्हता: आवाज ऐकू येऊ दे, म्हणजे मला काही करावे लागणार नाही. चुन्याने रंगवलेल्या दगडांची रांग आली. घर तिथून दगडफेकीच्या अंतरावर होते. या रांगेपलीकडे गेलेला माणूस विटाळला. याजकाने येऊन त्याला शुद्ध ठरवीपर्यंत किल्ल्याचे दार त्याला बंद. आणि याजकाची चूल हारीफच्या धान्यावर पेटत होती.

यिश्वीने शिंग फुंकले. घराचे दार बोटभर उघडले.

"महाराज!" तो ओरडला. "यिश्वी आला आहे. नवे वर्ष दारात आहे. ते कितवे आणि कोणाचे?"

दाराच्या फटीतून काहीतरी आले. आवाज म्हणता येणार नाही. सुक्या पाचोळ्यावर पाय पडावा तशी एक खरखर. वाऱ्याने ती दगडांपर्यंत येऊच दिली नाही.

"पुन्हा विचारा," शिम्रोन कंटाळून म्हणाला. "तीनदा विचारायचा रिवाज आहे."

यिश्वीने पुन्हा विचारले. पुन्हा खरखर. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा त्याला खरखरीमागचा खोकला ऐकू आला, आणि खोकल्यामागचा प्रयत्न.

"झाले," शिम्रोन म्हणाला. "आम्ही साक्षीदार आहोत. मुखातून वर्ष निघाले नाही. चला, शिंगाडे."

यिश्वी वळला. दोन पावले चाललासुद्धा. समोर दरीपलीकडे किल्ल्यात दिवे लागत होते. त्यांतला एक मिल्काने लावलेला असणार. तळाशी सेरहच्या शेकोट्या दिसत होत्या. शौर्य वगैरे काही त्याला आठवले नाही. आठवले एवढेच, की आत एक माणूस बोलतो आहे आणि ते ऐकणे हे आपले काम आहे.

तो फिरला आणि दगडांची रांग ओलांडून घराकडे चालू लागला.

"शिंगाडे!" शिम्रोन किंचाळला. "वेड लागले काय? मागे फिरा! अहो, मागे फिरा!"

मागे फिरण्यात आता काही अर्थ नव्हता, हे ओरडणाऱ्यालाही समजत होते. यिश्वीने दार ढकलले. आत अंधार होता, गंधरसाचा वास होता आणि त्याखाली दुसरा, गोडसर वास. घोंगडीत गुंडाळलेली एक आकृती भिंतीला टेकून बसली होती. तोंडावर रिवाजाप्रमाणे फडके होते.

"कोण?"

एवढ्या जवळूनही शब्द ओळखायला कष्ट पडत होते. यिश्वी गुडघ्यांवर बसला.

"यिश्वी, महाराज. शेळ्या हाकणारा."

"बाहेर हो. तुला परतीची वाट राहणार नाही."

"ती आत्ताच गेली, महाराज."

आकृतीतून पाचोळ्यासारखे काहीतरी हलले. राजा हसत होता. "मी वर्ष रोज म्हणून पाहत होतो. भिंतीला सांगत होतो. भिंतीला ऐकू येई, दाराला येत नसे." मग श्वास गोळा करून त्याने विचारले, "एलोन कसा आहे?"

"तोच प्रश्न त्यांनी तुमच्याविषयी विचारला."

बाहेर वारा दाराला धडका देत होता.

"महाराज, मी चुकीचे करतो आहे की बरोबर, मला काही समजत नाही," यिश्वी घाईघाईने बोलून गेला. "मी तुमची मुदत वाढवायला आलो, की पाण्याची, तेही ठाऊक नाही. मी फक्त ओरडणारा."

"म्हणूनच निवडला तुला. आपल्या पदरचे काही घालत नाहीस." राजाने तोंडावरचे फडके बाजूला केले. "कान इकडे कर."

यिश्वीने कान त्या ओठांना टेकवला. त्वचेला त्वचा लागली. राजाने आपले नाव सांगितले आणि आकडा सांगितला.

इकडे शिम्रोनने धावत जाऊन चुलत्याला वर्तमान दिले, तेव्हा हारीफ चक्क सुटल्यासारखा हसला. विटाळलेला शिंगाड्या बुरुजावर चढू शकत नव्हता. बुरुजावर जो चढेल तो पुकारेल. "तुम्हीच पुकारा," त्याने पुतण्याला सांगितले. "शिंग?" शिम्रोनने विचारले. राजशिंग तर यिश्वीच्या कमरेला राहिले होते, आणि विटाळलेल्या माणसाच्या अंगावरची वस्तू आणायला कोणी भालदार तयार होईना. शेवटी पहारेकऱ्याचे एक साधे शिंग शोधून काढण्यात आले.

एवढी मसलत करणाऱ्या हारीफच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. आजवरची सगळी वर्षे पूर्व बुरुजावरून पुकारली गेली, म्हणून ती बुरुजावरूनच पुकारली पाहिजेत असे तो, आणि किल्ल्यातला प्रत्येक जण, धरून चालला होता. रिवाजात बुरुजाचे नाव नव्हतेच. रिवाज एवढाच होता की, दिवसाचा पहिला किरण पुकारणाऱ्यावर पडावा, आणि त्याच्या ललकारीला लोकांनी 'आमेन' म्हणावे. आमेन झाले की वर्ष लागले. मग त्या पहाटे दुसरे पुकारता येत नसे.

दुसऱ्या दिवशी वारा पडला होता. ही शांतता वाऱ्याहून अस्वस्थ करणारी होती. तटावर लोक दाटले होते, दरीच्या तळाशी मेंढपाळ वर तोंडे करून उभे होते. बुरुजावर शिम्रोन शिंग सावरत उन्हाची वाट पाहत होता. शेजारी हारीफ आणि काल रात्रीपासून एक शब्दही न बोललेला युवराज एलोन. किल्ला अजून टेकडीच्या सावलीत होता.

टेकडीचा माथा मात्र एकाएकी पेटल्यासारखा उजळला. त्या उजेडात, दगडी घराच्या छपरावर, एक किडकिडीत आकृती उभी होती.

तो यिश्वी होता. इथे बुरुजाचा दगडी कठडा नव्हता, हाताला आधार नव्हता. त्याने शिंग फुंकले. पहिला सूर फाटला. कोणीतरी तटावर हसले. त्याने पुन्हा फुंकले आणि काळ्या शिंगाचा तो ओळखीचा, जडशीळ नाद दरीभर घुमला. मग त्याने शिंग खाली केले आणि जन्मात पहिल्यांदा बुरुजावरची ललकारी विसरून, लहानपणी या काठावरून त्या काठाला मारायचा तशी, शेवटचा स्वर लांबवत हाक दिली:

"ऐका हो, केदेमाकर! एलिदाद राजाचे! अठ्ठाविसावे! वर्ष!"

सहा वर्षे घराघरांत गिळलेले ते नाव दरीत आपटले, किल्ल्याच्या कड्यावर चढले आणि परत आले. कोणी हलेना. किल्ल्याच्या लोकांनी प्रधानाकडे पाहिले.

दरीच्या तळातून एका म्हातारीचा खणखणीत आवाज उठला. "आमेन!"

सेरहच्या मागोमाग मेंढपाळांनी गर्जना केली. शेळ्या बुजून पळू लागल्या. हारीफने शिम्रोनचा दंड धरला. "पुकारा! ऊन येण्याची वाट पाहू नका, पुकारा!"

शिम्रोनने शिंग तोंडाला लावले. ते एलोनने आपल्या हाताने खाली केले.

"युवराज, हे राज्य आपल्या हाती येत आहे," हारीफ दबक्या आवाजात म्हणाला. "आत्ता हात आखडलात तर खंडणीच्या वेळी पश्चात्ताप होईल."

"होईल," एलोन म्हणाला. त्याची नजर त्या घराच्या बोटभर उघडलेल्या दारावर होती. "वर्ष लागले, प्रधानजी. त्यांनी ते सांगितले, ह्याने ऐकले." मग, कोणाला सांगावे असे नव्हे, तर जिभेवर एखादी जुनी चव पाहावी तसा तो पुटपुटला, "एलिदाद. आमेन."

तटावरचे लोक तेव्हा कुठे ओरडले.

हारीफने यिश्वीला शिक्षा केली नाही. ती करायची गरजच नव्हती. याजक टेकडीवर कधी आलाच नाही, आणि याजक येईना तोवर विटाळ फिटेना. त्या वर्षीची खंडणी राजवाड्यातली चांदीची भांडी वितळवून दिली गेली, आणि किल्ल्यातल्या बऱ्याच जणांनी तिचा दोष शिंगाड्याला दिला. यिश्वीने दगडांच्या रांगेपलीकडे एक खोपटे बांधले. आठवडाभराने मिल्का डोक्यावर अंथरूण आणि काखेत तवा घेऊन टेकडी चढून आली आणि रांगेशी न थांबता सरळ आत शिरली.

"अगं, अगं! मागे हो!"

"सरका. इथे तुमच्यासाठी कांद्याचा भाव कोण करणार?"

दोघांनाही तो रोग कधी झाला नाही. दर शरदात यिश्वी त्या ओठांना कान लावी आणि छपरावर चढून वर्ष पुकारी. ओसाडीतल्या टाक्यांवर कोणाचा पहारा बसला नाही. पुढे हारीफ वारला, आणि त्यानंतरच्या एका हिवाळ्यात घरातली खरखरही थांबली. राजाला राजांच्या थडग्यांत जागा मिळाली नाही. त्यांच्या शेजारच्या शेतात त्याला पुरले. त्याने एकोणचाळीस वर्षे राज्य केले असे काही जण म्हणत, आणि काही जण चट्टा उमटला तिथेच मोजणे थांबवून बावीस म्हणत.

शरद आला तेव्हा एलोन एकटा टेकडी चढला. तो आता राजा होता आणि त्याच्या दाढीत पांढरे केस होते. दगडांच्या रांगेशी तो थबकला, मग ती ओलांडून दगडी घराच्या छपराखाली येऊन उभा राहिला. तिथे बसलेला यिश्वी म्हातारा झाला होता. तो उठायला लागला तसे एलोनने त्याला बसवले आणि वाकून त्याच्या कानाशी तोंड नेले.

"एलोन राजाचे पहिले वर्ष," तो म्हणाला.

यिश्वीने शिंगाला हात लावला नाही. त्याने नेहमीप्रमाणे नजर खाली घातली, आणि एलोनला वाटले की म्हाताऱ्याला ऐकू आले नाही. तो पुन्हा वाकला. तेव्हा यिश्वीने मान वर केली. रिवाजाचा प्रश्न सोडला तर सगळ्या आयुष्यात त्याने कोणाला प्रश्न विचारला नव्हता. तो त्याला इतका जड गेला की ओठ दोनदा उघडून मिटले.

"आणि पाणी, महाराज?"

एलोन सरळ उभा राहिला. खाली दरीत राहुट्या होत्या, पलीकडे किल्ला होता, आणि त्याच्या पाठीशी ते रिकामे घर होते, ज्याच्या दाराशी तो या जन्मात एकदाही आला नव्हता.

"माझ्या नावाचे वर्ष चालते आहे तोवर," तो हळूच म्हणाला, "पहारा बसणार नाही."

यिश्वीने ते शब्द मनात एकदा घोळवून पाहिले, काही गळले नाही ना याची खात्री केली, आणि मग शिंग उचलून तो छपराची शिडी चढू लागला.